उजेडाकडे पाठ

१

रविवारी सकाळी आमच्या शैवाल व जलवनस्पती अभ्यास मंडळाच्या खोलीत पहिले काम असते ते बरण्या फिरवण्याचे. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरण्यांत आम्ही तळ्याविहिरींतल्या वनस्पती जगवतो. वनस्पती उजेडाकडे झुकते. ती वाकडी वाढू नये म्हणून दर आठवड्याला प्रत्येक बरणी पाव वळसा फिरवावी लागते. हे काम अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि मी ते दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. उस्मानपुऱ्यात नानासाहेबांच्या घराची पुढची खोली, एक सूक्ष्मदर्शक, दोन कपाटे, टिपकागदांचे गठ्ठे आणि येतील तेवढी माणसे. नानासाहेब वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि मंडळाचे अध्यक्ष. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात भांडार सांभाळत होतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढचे सारे वाचून मिळवले. निवृत्तीच्या वर्षी विहिरीच्या शेवाळाची बाटली घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझी पदवी विचारली नाही. “आत या, साहेबराव, अन् उजेडात धरा,” एवढेच म्हणाले. माझ्या उत्तरायुष्याला जो काही अर्थ आहे तो त्या वाक्यापासून सुरू होतो. म्हणून पुढे जे घडले त्यात मला भीती कशाची होती, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. मला नानासाहेब गमवायचे नव्हते.

त्या रविवारी सगळ्या बरण्या खिडकीकडे झुकलेल्या होत्या. एक सोडून. तिच्यातली वनस्पती खिडकीकडे पाठ करून खोलीच्या आतल्या भिंतीकडे झुकली होती.

माझा पहिला तर्क असा झाला, की मागच्या आठवड्यात बरणी माझ्याकडून जास्त फिरवली गेली असावी. मी ती नीट केली आणि पुढच्या कामाला लागलो.

२

ती वनस्पती मीच आणली होती. दिवाळीनंतर नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या धरणाचे, पाणी काठापासून मागे सरते आणि उथळ जागी चांगले नमुने मिळतात. त्यासाठी रत्नमालाबाई आणि मी एसटीने पैठणला गेलो होतो. रत्नमालाबाई निवृत्त शिक्षिका. चिकलठाण्याला एकट्या राहतात. चिखलात उतरण्याची त्यांच्याइतकी तयारी मंडळात कोणाचीही नाही.

नमुना घेण्याचा आमचा एक दंडक आहे. वनस्पती मुळासकट उपटायची नाही. शेंडा घ्यावा, बूड सोडावे, म्हणजे ती पुन्हा वाढते. नानासाहेबांनी घालून दिलेला हा नियम मी देवाच्या नेमासारखा पाळतो. दगडांच्या फटीत मला जी दिसली तिच्या देठावर ठरावीक अंतरावर बारीक काड्यांची वलये होती. अशी रचना कारा नावाच्या शैवालात असते. पण काराला चुरडले की लसणासारखा उग्र दर्प येतो, आणि हिला कसलाच वास नव्हता. बूड कोठे आहे ते पाहावे म्हणून मी देठावरून हात खाली नेत गेलो. कोपर बुडाले, मग दंड बुडाला, तरी देठ पुढे जातच होता.

“साहेबराव, या आता बाहेर,” रत्नमालाबाई काठावरून म्हणाल्या. “धरणाचं बुडूख उपटून काढायलात की काय?”

मी कात्रीने शेंडा कापला.

नवा नमुना एका जागी ठेवायचा नाही, हाही आमचा नियम; एक बरणी दगावली तर दुसरी उरते. म्हणून अर्धा भाग मंडळात ठेवला आणि अर्धा रत्नमालाबाईंनी घरी नेला. तिसरी गोष्ट नानासाहेबांची स्वतःची. अनोळखी वनस्पतीची त्यांची पहिली ओळख जिभेने होत असे. एक काडी जिभेवर ठेवायची, चव पाहायची, थुंकून टाकायची. त्या दिवशी त्यांनी काडी ठेवली आणि ते विचारात पडले.

“कशी आहे चव?” मी विचारले.

“कळलंच नाही हो. थुंकायच्या आतच गेली.”

“गिळलीत?”

“मी नाही गिळली. ती गेली.”

त्यांची सून विशाखा दारात उभी होती. “दूध प्या म्हटलं की नखरे,” ती म्हणाली, “अन् शेवाळ मात्र बरं उतरतं घशाखाली.” आम्ही सगळे हसलो. नानासाहेबही हसले.

३

पुढच्या रविवारी वनस्पती पुन्हा आतल्या भिंतीकडे झुकलेली होती. आता मात्र ती माझी चूक नव्हती. मी बरणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. बैठक संपेपर्यंत तिने मान वळवली आणि पूर्वीचीच दिशा धरली. बरणीला काळा कागद गुंडाळला. कागद काढला तेव्हा दिशा तीच. मी सहलीचे होकायंत्र आणून बाजूला ठेवले. ती दक्षिणेकडे झुकत होती. अगदी नेमक्या दक्षिणेकडे नव्हे, किंचित ढळून.

“चुंबकाचा परिणाम असावा,” मी म्हणालो.

“शेवाळात लोखंड कुठून घातलंत?” नानासाहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. इतके प्रसन्न मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

त्या क्षणी मला दुसरी गोष्ट दिसली आणि मी ती बोललो नाही. नानासाहेब आपल्या वेताच्या खुर्चीत एका अंगाला कलून बसले होते. उशी सरकली असेल, कंबर दुखत असेल. ऐंशी ओलांडलेला मनुष्य कलून बसतो यात नवल नाही. पण बरणी आणि खुर्ची यांच्यामध्ये माझी नजर पुन्हा पुन्हा फिरू लागली. वनस्पती आणि नानासाहेब एकाच बाजूला कलले होते.

जाताना विशाखाने मला अंगणात गाठले. “काका, बाबांना जरा डॉक्टरकडं नेऊ का? मी त्यांना पलंगावर सरळ झोपवते अन् सकाळी बघते तर आडवे. उशी सोडून डोकं भलतीकडंच.”

“कोणत्या बाजूला?”

“तुम्हाला बाजू कशाला पाहिजे?” ती म्हणाली, पण हात करून तिने बाजू दाखवली.

४

रत्नमालाबाईंची बरणीही झुकत होती. मी त्यांना होकायंत्र देऊन ते कसे धरायचे ते समजावले. “मी भूगोल शिकवलाय, साहेबराव,” त्या म्हणाल्या.

मंडळाच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा आहे. उस्मानपुऱ्यात एक टाचणी, चिकलठाण्यात दुसरी, आणि दोहोंपासून झुकावाच्या दिशेने ताणलेले दोन दोरे. ते नाथसागरात एकमेकांना भेटले. जेथून आम्ही शेंडा कापला, तेथे.

हे पाहून मला भय वाटले असे म्हणणे खोटे ठरेल. मला अतिशय आनंद झाला. तोडलेला भाग आपल्या बुडाकडे वळतो, असे मी कोठेही वाचलेले नव्हते. ही ओळख माझ्या हाताने झाली होती. पुण्याच्या तज्ज्ञांकडून नाव ठरून आले की आमच्या वार्षिक पुस्तिकेत ती माझ्या नावाने छापली जाईल, असे नानासाहेब स्वतः म्हणाले. अर्थात मी शंकाही नोंदवली. दोरे इतक्या लांब जाऊन भेटत होते, की येथे बोटभर चुकले तर तेथे कोसभर चुकावे.

पुढच्या बैठकीत दोरे ढोरकीनपाशी भेटले.

मी ते मोजणीतल्या चुकीवर ढकलले. त्यानंतर ते बिडकीनपाशी भेटले; त्यानंतर नक्षत्रवाडीच्या टेकडीवर. आता चूक म्हणण्याची सोय राहिली नव्हती. भेटीची जागा जसजशी जवळ येत होती, तसतशी आमची मोजणी अधिक अचूक होत होती.

“पैठण रस्त्यानं यायलंय,” रत्नमालाबाई हळूच म्हणाल्या. “एसटीनं आल्यागत.”

“रस्त्याने नाही,” नानासाहेब म्हणाले. ते उठून नकाशाजवळ गेले होते आणि तेथेही कललेलेच उभे होते. त्यांनी रस्त्याला लागून जाणारी निळी रेघ बोटाने दाखवली. आमच्या शहराला नळाचे पाणी नाथसागरातून मोठ्या जलवाहिनीने येते. ते रोज येत नाही. ज्या भागाची पाळी असेल, त्या भागाला त्या दिवशी.

मी म्हणालो, की वाटेत पाणी गाळले जाते, त्यात तुरटी आणि क्लोरीन पडते. त्यातून शेवाळाचा धागादेखील येऊ शकत नाही. हे सर्व खरे आहे. शहरभर माणसे ते पाणी पितात आणि ते स्वच्छ असते. नानासाहेबांनी मान डोलावली. त्यांनी बोट मात्र त्या रेघेवरून उचलले नाही.

५

चिकलठाण्याला पाणी आले त्या दुपारी रत्नमालाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता. वर्गात गोंधळ झाल्यावर शिक्षकाचा होतो तसा.

“माझी बरणी रिकामी झाली, साहेबराव.”

“फुटली?”

“फुटली नाही, सांडली नाही. पाणी काठोकाठ तसंच आहे. मी नळावर हंडा भरत होते, बरणी ओट्यावर होती. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते बघा, तशी सुटली. मग धार आली. हंडा उतरवून वळले तर बरणीत नुसतं पाणी.”

“तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मला काय व्हायचंय. त्यानं माझ्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.” मग त्या म्हणाल्या, “ओट्यावर नळापासून बरणीपर्यंत एक ओली रेघ होती. मी ती पुसून टाकली. पुसायला नको होती का?”

मी म्हणालो, की काही बिघडले नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी पलंगावर बसून राहिलो. माझी पत्नी मालनबाई हिने विचारले, की कोण गेले. “कोणी नाही,” मी म्हणालो. आणि मग मला उमगले, की मी कोणाचा विचार करतो आहे. पाण्यातून येणारे ते बूड आपला तुटलेला भाग परत घेत होते, घरातल्या माणसाला धक्का न लावता. भांड्यातला भाग घेण्यासाठी भांडे फोडावे लागत नाही. पण एक काडी भांड्यात नव्हती.

६

संध्याकाळी मी उस्मानपुऱ्याला गेलो आणि नानासाहेबांना सारे स्पष्ट सांगितले. प्रणय, म्हणजे त्यांचा मुलगा, नाशिकला नोकरीला असतो. तेथे धरण वेगळे, पाणी वेगळे; त्यांनी काही दिवस तिकडे जावे, असे मी म्हणालो. विशाखाने त्यांची पिशवीही भरून ठेवली होती.

“मी जाणार नाही,” नानासाहेब म्हणाले.

“हट्ट करू नका, सर.”

“हट्ट कसला? साहेबराव, मी जन्मभर शेवाळाकडं बघत आलो. ते पहिल्यांदाच माझ्याकडं बघायलंय. अन् तुम्ही म्हणता, तोंड फिरवून नाशिकला जा.” ते भिंतीकडे कलले होते, बोलताना मान सरळ ठेवण्यासाठी त्यांना श्रम पडत होते. “तुम्ही गेला असतात का निघून?”

उत्तर आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

“बाबांना काय होईल, काका?” विशाखाने मला विचारले. ती आता थट्टा करत नव्हती.

मला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. मी मंडळाची बरणी उचलली आणि सिडकोत माझ्या घरी आणली. ते कोणाकडे जाईल ते जावो. आधी माझ्याकडे यावे. मालनबाईला मी सांगितले, की पाणी येईल त्या दिवशी स्वयंपाकघरात थांबू नकोस. तिने कारण विचारले नाही. “तुमच्या त्या मंडळानं एक दिवस घरात मगर आणून ठेवली तरी मला नवल वाटायचं नाही,” एवढेच म्हणाली.

परंतु एका बरणीने दिशा कळते, अंतर कळत नाही. ते कोठे पोहोचले हे समजण्यासाठी मला दुसरी टाचणी हवी होती. तेव्हा मी विशाखाला फोन करू लागलो.

“बाबा कुठल्या बाजूला कललेत?”

“आज कपाटाकडं.”

“कपाटाच्या कोणत्या दाराकडे?”

ती सांगे आणि मी बरणीबरोबरच घरी उतरवून आणलेल्या नकाशावर दोरा ताणत असे. ज्या मनुष्याने मला आत बोलावले होते, त्याला मी उपकरण म्हणून वापरत होतो. दोरे अतिशय चांगले जुळत होते. आमच्या भागाला पाणी येऊन गेले. स्वयंपाकघरात मी बरणी पुढ्यात घेऊन बसलो होतो, आणि काहीही झाले नाही. ते माझ्याकडे आलेच नाही. दोरे उस्मानपुऱ्याला पाणी सोडणाऱ्या टाकीवर भेटले आणि तेथेच थांबून राहिले. दुसऱ्या दिवशी त्या भागाची पाळी होती.

७

सकाळी मी बरणी घेऊन नानासाहेबांकडे पोहोचलो. बेत साधा होता. पाणी येताच बरणीतले सारे अंगणातल्या हौदात ओतून द्यायचे. ओळख गेली, नाव गेले, पुस्तिका गेली. त्याने समाधान झाले तर एका काडीसाठी ते थांबणार नाही, असा माझा हिशेब होता. नानासाहेबांनी हौदाच्या झाकणावर हात ठेवला.

“आधी येऊ द्या. पाहुणा दाराशी नाही तोवर ताट कशाला वाढायचं?”

आम्ही खोलीत बसलो. खिडकीतला उजेड थेट टेबलावर पडला होता. बरणी टेबलावर, नानासाहेब पलीकडे वेताच्या खुर्चीत, दोघेही एकाच बाजूला कललेले. विशाखा हौदापाशी नळी लावून उभी होती.

प्रथम न्हाणीघराच्या नळातून हवा सुटली. हा आवाज आम्ही सगळे रोजच्या जगण्यात ऐकतो: लांब फुसकारा, मग खोकल्यासारखे दोन-चार धक्के. बरणीतला देठ हलू लागला. तो घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरत होता. फाटकाकडे, मग अंगणाकडे, मग घराच्या भिंतीला धरून. खुर्ची करकरली. नानासाहेबांची मान त्याच गतीने फिरत होती. त्यांचे डोळे मात्र माझ्यावर होते आणि त्यांत भीती नव्हती. शिकवताना फळ्याकडे वळण्याआधी ते असे पाहत.

देठ न्हाणीघराच्या दाराशी थांबला.

“तोंड धुऊन येतो,” नानासाहेब म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. तो मी जोराने धरला, हे मी सांगितलेच पाहिजे. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. फक्त चालू लागले, आणि एवढ्या वृद्ध मनुष्यात एवढे बळ असू शकत नाही. माझ्या बोटांतून मनगट सुटले. दार लागले. आत धार पडू लागली.

मी दार ठोठावले. हाका मारल्या. धारेचा आवाज बदलला. पाणी बादलीत पडण्याऐवजी दुसऱ्या कशात तरी पडू लागावे तसा. मग तो थांबला. अंगणातून विशाखा म्हणाली, “काका, नळाची धार तुटली का हो? पाणीच थांबलं.”

८

दार उघडले आणि नानासाहेब टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. ते सरळ चालत होते. आपल्या खुर्चीत ताठ बसले.

विशाखा धावत आत आली, त्यांना तसे पाहून दारातच थबकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. “किती दिवसांनी नीट बसलात, बाबा. चहा टाकते.” ती स्वयंपाकघरात गेली.

मलाही तसेच आनंदी व्हायचे होते. मी टेबलावरची बरणी हाती घेतली. देठ आता न्हाणीघराकडे झुकलेला नव्हता. मी टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेलो, तेथून कपाटापाशी, तेथून दारापाशी. मी कोठेही उभा राहिलो तरी देठ फिरून वेताच्या खुर्चीकडेच झुकत होता.

नानासाहेब माझी ही प्रदक्षिणा पाहत होते. कौतुकाने, असेच म्हणावे लागेल.

“इथं उजेड चांगला आहे,” ते म्हणाले.

आवाज त्यांचाच होता. ते वाक्य मात्र नव्याने घरात शिरलेल्या माणसाचे होते.

“नानासाहेब कुठे आहेत?” मी विचारले.

त्यांनी प्रश्नाचा नीट विचार केला. “आहेत,” ते म्हणाले. “त्यांनाही बघायचं होतं.” मग बरणीकडे पाहून सौजन्याने म्हणाले, “साहेबराव, तुमच्याकडं आमचं थोडं राहिलंय.”

दार माझ्या पाठीशी होते आणि ते उघडे होते. स्वयंपाकघरात विशाखाने आल्याचा तुकडा ठेचल्याचा आवाज आला. मी बाहेर जाऊ शकलो असतो. बरणी रस्त्यावर आपटू शकलो असतो, आणि मग तो मनुष्य त्या खुर्चीत काय होऊन राहिला असता, हे मला कधीच कळले नसते.

मी झाकण उघडले आणि बरणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांनी तोंड उघडले. खिडकीतला उजेड ओठांच्या आत पडला, आणि तेथे, जिभेच्या मागे, काहीतरी बरणीकडे वळले.

मी चष्मा नीट केला आणि जवळ गेलो.